आपांचे एकोणीस रोजे

"थांब, विचारते."

कुणी चहा दिला, भजी पुढे केली, नुसतं जिना चढून वर या म्हटलं, तरी आपांचं पहिलं वाक्य हेच असायचं. मग ओढणीखाली हात जायचा. कमरेला अडकवलेली काळी डबी बाहेर यायची, अंगठ्याने एकदा दाबली जायची आणि उजळायची. तिच्याकडे क्षणभर बघून आपा म्हणायच्या, "हां, दे. अर्धा कप." नाहीतर, "नको रे बाबा. आत्ता नाही म्हणतोय."

कोण नाही म्हणतोय, हे मला कामावर लागल्यावर पंधरा दिवस कळलं नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती.

सुरतेत, लिंबायतमधला तो एक साड्यांचा कारखाना. वर भरतकामाची मशीनं दिवसभर धडधडत असतात, खाली चेकिंग आणि घडी. आपा चेकिंगच्या मुख्य. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर साड्यांची लेबलं काढणारी. अमळनेर तालुक्यातल्या शाळेत शिकून, कशीबशी बी.कॉम.च्या शेवटच्या पेपरपर्यंत पोचून आईबरोबर वडिलांकडे सुरतेला आलेली. वडील लूमवर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे आपांना पहिल्याच दिवशी कळलं आणि तेव्हापासून माझं नावच गेलं. "ए ग्रॅज्युएट, इकडे ये." "ग्रॅज्युएट, हे वाचून सांग गं, चष्मा कुठे पडलाय कोण जाणे." त्या चिडवत होत्या, पण कौतुकानेच चिडवत होत्या. आलेल्या गिऱ्हाइकालाही मला दाखवून सांगायच्या, "ही आमची ग्रॅज्युएट." मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

डबीबद्दल कारखान्यात एक जुना समज होता. घडीवरचे भिलादादा मला हसत हसत सांगायचे, की पहिला महिनाभर सगळ्यांना वाटलं, शेठने आपांच्या कमरेला रेकॉर्डर बांधलाय. मग आपा जवळ आल्या की कारागीर मोठ्याने म्हणायचे, शेठ म्हणजे देवमाणूस. शेवटी भिलादादांनीच धीर करून आपल्या अहिराणीत विचारलं, "आपा, हाई काय शे वं?" आपा म्हणाल्या, "मशीन आहे. माझ्या पोटात जे काम व्हायला पाहिजे ते होत नाही, म्हणून हे बाहेरून करतं." महिनाभर फुकट केलेली स्तुती आठवून कारागीर बरेच दिवस हळहळत होते म्हणे.

तुम्ही साडी चेक करणारी बाई काम करताना पाहिली आहे का? उतरत्या टेबलावर साडी सरकत असते, वर ट्यूबलाइट, आणि बाईचा हात कापडावरून फिरत असतो. आपांची नजर आधी पोचायची की हात, हे मला कधीच ठरवता आलं नाही. सुटलेला टाका, तुटलेली तार, तेलाचं टिंब, कारखान्यात सगळे डागच, आणि सगळ्यावर लाल खडूची खूण. एकदा शेठचा भाचा म्हणाला, "जाऊ दे ने मासी, कोण बघतंय?" आपा म्हणाल्या, "मी बघितलं ना." एवढंच.

आपल्या आजारावरही त्यांची तशीच नजर. अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार. आपल्याकडे चाळिशीनंतर होतो तो नव्हे. लहानपणीच शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद पडतं, तो. चाळीस वर्षं त्यांनी दिवसाला चार-चार इंजेक्शनं घेतली. मग आखातात नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने हा पंप आणून दिला. दंडावर एक चकती चिकटवलेली. ती दर पाच मिनिटांनी अंगातली साखर मोजते आणि डबीला कळवते. साखर वाढायला लागली तर डबी बारीक नळीतून इन्सुलिन वाढवते, उतरायला लागली तर थांबवते. फक्त जेवणाचं तिला आधी सांगावं लागतं. इतके ग्रॅम खाणार आहे, असा आकडा घातला की त्या हिशोबाने ती इन्सुलिन सोडते. आपा मला समजावून सांगत होत्या आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. आमच्या घरी साखरेचा आजार म्हणजे आईची सकाळची गोळी, गोड बंद, आणि एकादशीला दोन ताटं साबुदाण्याची खिचडी. कारण काय, तर साबुदाण्यात साखर घालत नाहीत.

त्या वर्षी रमजानच्या दोन महिने आधी आपांनी जाहीर केलं, "यंदा मी रोजे ठेवणार."

अठराव्या वर्षी त्यांनी हट्टाने रोजा ठेवला होता आणि दुपारी विहिरीवर कोसळल्या होत्या. नंदुरबारजवळचं त्यांचं गाव. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. त्यानंतर तेहतीस वर्षं एकही रोजा नाही. पहाटे उठून घरच्यांसाठी सहेरी रांधायची, संध्याकाळी सगळ्यांसमोर खजूर मांडायचे, आणि आपण बाजूला उभं राहायचं. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं, आजारी माणसाला माफी आहे, बदल्यात गरिबाला जेवू घाला. आपा म्हणाल्या, "माफी आहे हे मला माहीत आहे. तेहतीस वर्षं माफीच खाल्ली. आता एकदा रोजा ठेवायचाय."

डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं. मग दोनदा तपासण्या केल्या, डबीतले आकडे बदलले, दिवसभर साखर थोडी वरच राहील अशी सोय केली आणि अट घातली. साखर सत्तरच्या खाली गेली की रोजा तिथल्या तिथे सोडायचा, आणि तीनशेच्या वर गेली तरी. अजानला पाच मिनिटं उरली असली तरी. एकदा जरी मोठा गोंधळ झाला तर पुन्हा विचारायला यायचं नाही. आपांनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. "लिही, ग्रॅज्युएट. मोठ्या अक्षरात." मी लिहिलं: डबी वाजली की आपांना हाक मारायची. उत्तर नीट आलं नाही तर साखर द्यायची. रोजा आहे म्हणून थांबायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, रिक्षा बोलवायची. धागे कापणाऱ्या हंसाबेनसाठी खाली तेच गुजरातीतही लिहिलं. कागद आपांच्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवला. माझं अक्षर शाळेपासून चांगलं आहे. तो कागद बघून मला सर्टिफिकेट लावल्यासारखं वाटायचं.

सहाव्या रोज्याला दुपारी चारला डबी वाजली. आपांनी बघितलं. सहासष्ट. त्या खुर्चीवर बसल्या, पर्समधून ग्लुकोजची पुडी काढली, तळहातावर ओतली आणि सगळ्या कारखान्यासमोर खाल्ली. मी थक्क झाले. आमच्याकडे उपास मोडला तर माणूस तोंड लपवतो. माझी आई नवरात्रात चक्कर येऊन पडली तरी पाणी घेत नाही.

"आपा, रोजा?"

"गेला." तळहात झटकत त्या म्हणाल्या. "थंडीत दिवस लहान असतात, तेव्हा भरून काढीन. आकडा आला तो आला. डाग दिसल्यावर खूण करायची नाही का?"

आणि पुढची साडी ओढून घेतली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांनी मिळालेली गोष्ट माणूस इतक्या सहज हातातून कशी सोडू शकतो?

रोजा सोडायला आपा कारखान्यातच थांबायच्या, कारण सणासुदीची ऑर्डर होती. आम्ही चारपाचजण त्यांच्यासोबत थांबायचो. त्यांची इफ्तारी ठरलेली. एक खजूर, दोन मोठे ग्लास लाल शरबत, मग नमाज, मग घरी जाऊन जेवण. शरबतावरून डॉक्टरांशी त्यांचं भांडण झालं होतं. "तेहतीस वर्षं दुसऱ्यांना पाजलं, आता दोन ग्लास मी पिणार. तिसरा मागितला तर बोला." शेवटी डॉक्टरांनी दोन ग्लासांचे ग्रॅम मोजून दिले होते. अजानच्या थोडं आधी आपा तो आकडा डबीत घालायच्या. शरबत बनवायचं काम माझ्याकडे होतं.

आता माझं ऐका.

चौदाव्या रोज्याला माझ्या मनात आलं, की आपांनी आपल्यासाठी किती केलं. शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिला होता, तेव्हा महिनाभर दुपारी एक तास मला अभ्यासाला सोडलं, माझी लेबलं स्वतः चिकटवली. आणि मी त्यांना रोज काय देते, तर साखरेच्या माणसाला साखर. मी मेडिकलमधून बिनसाखरेच्या गोड गोळ्या आणल्या. गुलाबाचं इसेन्स, खायचा लाल रंग, लिंबू, सब्जा. घरी चव घेऊन बघितली, हुबेहूब. ठरवलं, आधी पिऊ द्यायचं, मग सांगायचं. मनात चित्र तयार होतं. आपा हसतील, म्हणतील, ग्रॅज्युएट ती ग्रॅज्युएटच.

संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे दोन ग्लासांचा आकडा डबीत घातला. अजान झाली. खजूर खाल्ला, शरबताचा घोट घेतला आणि ग्लास खाली घेऊन त्याच्याकडे बघितलं.

"हे नेहमीचं नाही वाटत."

"नवीन बाटली आहे, आपा," मी म्हटलं.

खोटं बोलले. आनंदाने खोटं बोलले.

नमाज झाल्यावर आपा उरलेल्या साड्या बघायला टेबलाशी उभ्या राहिल्या. मी कॉम्प्युटर बंद करत होते. डबी वाजली. अडुसष्ट, खाली जाणारा बाण. आपा हसून म्हणाल्या, "दिवसभर उपाशी ठेवलं तेव्हा गप्प होता, आता पोटात पडल्यावर ओरडतोय." हंसाबेनने पर्सकडे हात केला. आपा म्हणाल्या, "पुडी राहू दे, शरबत आहे ना समोर. भर एक ग्लास."

मी भरून दिला. त्या पुन्हा कामाला लागल्या.

पाच-सात मिनिटांनी पुन्हा वाजली. एकसष्ट, आता दोन बाण. मी आणखी एक ग्लास दिला. आपांनी तो प्यायला, पण थोडं ओढणीवर सांडलं. पुसलं नाही. मी बघितलं, त्या एकाच साडीची घडी घालत होत्या, उघडत होत्या, पुन्हा घालत होत्या. पदरावर बोटभर लांब तार सुटून लोंबत होती. त्यांचा हात तिच्यावरून गेला आणि पुढे सरकला. खूण झाली नाही.

आपांच्या हातातून डाग सुटला! हंसाबेनने माझ्याकडे बघितलं. मी हाक मारली.

"आपा?"

"दोन ग्लास... तिसरा नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर ओरडेल."

"आपा, डबी बघा."

"पाणी आण विहिरीचं."

चोपन्न. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे. भिलादादा धावत आले, त्यांनी आपांना खाली साड्यांच्या गठ्ठ्यावर टेकवून बसवलं. "शरबत दे पोरी, अजून दे!" ते ओरडले आणि मी, ऐका तुम्ही, मी तिसरा ग्लास भरला. माझ्या स्वतःच्या हाताने. आपांच्या ओठांना लावला. त्या लहान मुलासारख्या प्यायल्या. भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद होता आणि माझी नजर फिरता फिरता त्याच्यावर गेली.

उत्तर नीट आलं नाही तर साखर द्यायची.

माझ्या हातातल्या ग्लासात साखर नव्हती. पहिल्या ग्लासात नव्हती, कुठल्याच ग्लासात नव्हती. डबीने चांगल्या दोन ग्लास साखरेचं इन्सुलिन आपांच्या अंगात सोडलेलं होतं, कारण तिला तसं सांगितलं होतं. आणि एकदा गेलेलं इन्सुलिन तिला परत ओढून घेता येत नाही. त्याच्यासमोर साखर नव्हतीच. मी साखर म्हणून त्यांना अर्धा तास लाल पाणी पाजत होते.

मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. हंसाबेन सांगते की मी म्हणत होते, "खोटं आहे ते, खोटं आहे." मी आपांची पर्स जमिनीवर उपडी केली. चष्मा, तस्बीची माळ, लाल खडू, रिक्षाची चिल्लर, आणि ग्लुकोजची अर्धी पुडी. ती मी त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी गिळली. भिलादादा रस्त्यावर पळाले ते समोरच्या चहावाल्याचा साखरेचा अख्खा डबा उचलूनच आले, मागून चहावाला हातात गाळणी घेऊन "अरे चोर! चोर!" करत. दारात येऊन त्याने आपांना बघितलं. मग त्यानेच पेल्यात साखर ढवळून दिली.

सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. हंसाबेन आपांचे तळपाय चोळत होती. रिक्षा दारात चालू ठेवलेली होती. मी डबीच्या पडद्याकडे बघत होते. आयुष्यात मी निकालाच्या यादीकडेही तशी बघितलेली नाही. पुन्हा चव्वेचाळीस. पाच मिनिटं इतकी लांब असतात? मग एक्कावन्न. मग त्रेसष्ट, आणि बाण आडवा झाला.

आपांनी डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं, चहावाल्याकडेही. "हा कशाला आलाय?" त्या म्हणाल्या. भिलादादा हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. मग आपांची नजर माझ्यावर थांबली.

"ग्रॅज्युएट, त्यात काय होतं?"

मी सांगितलं. सगळं. गोळ्या, रंग, इसेन्स, नवीन बाटली. त्या ऐकून घेत होत्या. मला वाटलं, आता थोबाडीत देतील, आणि दिली असती तर फार बरं झालं असतं.

"मी दिवसभर त्याला विचारते," डबीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "तुला एकदा मला विचारता आलं नाही?"

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. मी सोबत गेले. बाहेरच्या बाकावर बसून देवाला विनवत होते, यांचे रोजे माझ्यापायी बंद होऊ देऊ नको. आतलं बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टर विचारत होते, चूक कुणाची? मशीनची?

"मशीनने सांगितलं तेवढंच केलं, साहेब. चूक माझी. ग्लासात काय आहे ते मला जिभेने कळलं होतं. मी नजर टाकून पुढे गेले."

माझं नाव निघालं नाही. डॉक्टरांनी डबीतले आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाले, दहा दिवस आराम, नंतर बघू.

अकराव्या दिवशी आपांनी पुन्हा रोजा ठेवला. संध्याकाळी मला हाक मारली, "ग्रॅज्युएट, शरबत." मी म्हटलं, आपा, हंसाबेन करेल. "तूच." सगळ्यांसमोर मी सिरपची बाटली उघडली. झाकण हातातून निसटून खाली पडलं. चमच्याने मोजून घातलं. त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. "अजून. अगं घाल, घाबरतेस काय? डॉक्टरांनी मोजून दिलंय, तेवढं घाल." मी घातलं. त्यांनी ग्लास उजेडात धरून बघितला, माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, "आधी तू चाख." मी चाखलं. मग त्यांनी डबी काढली आणि आकडा घातला.

ईदच्या दिवशी डबाभर शेवया घेऊन त्या आमच्या घरी आल्या. माझ्या आईला म्हणाल्या, "ताई, तुम्ही दोन चमचे. खिचडीचं तुमच्या लेकीने मला सांगितलंय." मग माझ्याकडे वळल्या. "तीसपैकी एकोणीस. पास का?"

मी मनात टक्के काढले. "फर्स्ट क्लास, आपा."

त्या इतक्या हसल्या की ओढणी सरकली. उरलेले अकरा त्यांनी थंडीत पुरे केले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस आपा शेठच्या केबिनमध्ये गेल्या आणि स्वतःच सांगितलं, की गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावरून तीन डाग सुटले. चाळीस वर्षांच्या आजाराने डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. शेठ म्हणाले, राहू दे, बसून हिशेब घे. आपा म्हणाल्या, "मी चेकिंगवाली आहे." भाऊ आखातातून परत आला होता, तो त्यांना नंदुरबारला घेऊन गेला. अधूनमधून फोन येतो. मी विचारते, आपा, कशा आहात? तिकडून उत्तर येतं, "थांब, विचारते." आणि मग आकडा सांगतात.

त्यांच्या टेबलावर आता मी बसते. माझी नजर त्यांच्यासारखी नाही, मी दोनदा बघते. पहिल्या दिवशी ट्यूबलाइट लावली तेव्हा भिंतीवरचा तो कागद दिसला. कडा पिवळ्या झालेल्या. कुणी काढला नव्हता. माझं शाळेतलं वळणदार अक्षर, आणि दुसऱ्या ओळीत, 'साखर' या शब्दाच्या आधी, वर थोडं तिरकं, लाल खडूने घातलेला एक शब्द. तो कधी घातला, मला माहीत नाही. इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता.

'खरी.'